अर्ध्या मिनिटाने हसणारे चाचा

आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष देऊ नका. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते बचत गटात सही करण्यापुरतंच. अक्षरही धड नाही. शेळी बांधावरून उतरावी तसं ते ओळ सोडून खाली उतरतं. पण हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मिस्त्रीचाचा वारले तेव्हा रेडिओ केंद्राच्या मॅडम मला म्हणाल्या, "तू त्यांच्या हाताखाली शिकलीस, माइकवर दोन शब्द बोल." मी माइकसमोर बसले आणि तशीच उठले. शेवटी बापू बोलले. माझं राहिलं ते राहिलंच. तेच इथे लिहिते.

मिस्त्रीचाचा अर्ध्या मिनिटाने हसायचे.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आहे. जुन्या दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आमचं रेडिओ केंद्र चालतं. मी तिथे झाडलोट करायची, चहा करायची. आतल्या खोलीत माइक, बाहेरच्या खोलीत चाचांचं टेबल आणि मध्ये काच. संध्याकाळी बापूंच्या गप्पा असतात. बापू धनगर समाजातले. निम्मं आयुष्य मेंढरांमागे कोकणात जाऊन-येऊन काढलेलं, आता डाळिंब लावतात. एकदा त्यांनी मेंढरू हरवलं म्हणून पोलीस चौकीत गेलेल्या पाहुण्याची गोष्ट सांगितली. फौजदार म्हणाला, मेंढराचं वर्णन सांग. पाहुणा म्हणाला, "सायेब, तोंड समदं माझ्या मेव्हण्यावाणी हाय."

आम्ही बाहेर बसलेल्या सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसलो. चाचा मात्र कानात वायर घालून दगडासारखे बसलेले. तोवर बापू पुढे गेले. त्यांचं जुनं राखणीचं कुत्रं घाटात कसं मेलं ते सांगू लागले. त्यांचा आवाज जड झाला, आम्हीही गप्प झालो, आणि नेमके तेव्हाच चाचा खो-खो हसायला लागले. बापूंनी काचेतून डोळे वटारले. कार्यक्रम संपल्यावर ते तणतणतच बाहेर आले.

"आवं चाचा, तुमचं हसू पोस्टानं येतंय काय? मी कुत्रं मेल्यालं सांगतोय आन् तुमी दात काढताय!"

"बापू," चाचा डोळे पुसत म्हणाले, "तुमचं कुत्रं माझ्याकडं अजून जित्तं हुतं. माझ्याकडं मेव्हणाच चाललावता."

गोष्ट अशी होती. आमच्या केंद्राचा आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट टॉवरची. ती पुढच्या डोंगरापर्यंत जाते आणि तिथेच संपते. दुसरी वाट नेटची. त्या वाटेने आवाज जगात कुठेही जातो, पण फिरून फिरून जातो, म्हणून पोचायला अर्धा मिनिट उशीर होतो. चाचा पहिलीला जवळचा रेडिओ म्हणायचे आणि दुसरीला लांबचा रेडिओ. लांबचा रेडिओ सांभाळणं हेच त्यांचं काम होतं. खोलीत स्पीकर वाजत असला तरी ते त्यावर कधी ऐकत नसत. स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाच्या नेटवर लांबचा रेडिओ लावायचे आणि तोच कानात घालून बसायचे. केंद्रातलं फुकटचं वायफायसुद्धा घेत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पोरी, हितं बसून सगळंच झ्याक वाजतंय. जो लांब हाय, त्याच्या कानाला काय जातंय ते ऐकायचं. आपल्या कानाला काय करायचंय?"

ते मूळचे कराडचे. स्टँडजवळ त्यांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे लोक दुरुस्ती करायचेच थांबले, दुकान बंद झालं, चाची गेल्या, आणि चाचा आमच्या गावात दिलेल्या त्यांच्या मुलीकडे, नसीमकडे राहायला आले. दुकान होतं तेव्हा दुरुस्त केलेला रेडिओ ते गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला जायचे आणि त्याच्या फळीवर, त्याच्या बटणावर वाजवून बघायचे. "दुकानात सगळेच वाजत्यात," म्हणायचे. "त्याच्या घरात वाजला, तर दुरुस्त झाला."

लांबच्या रेडिओचे ऐकणारे म्हणजे आमच्याच भागातली माणसं. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला गेलेला असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. केरळात, बंगालात, पंजाबात, जिथे सराफी पेठ तिथे आमच्या गावचा कुणीतरी एका खोलीत भट्टी लावून बसलेला असतो. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालकही केरळात होते. यात्रेला यायचे, दिवाळीला यायचे, बाकी वर्षभर फोन. तिकडच्या खोलीत फळीवर मोबाइल ठेवून ही माणसं भट्टीच्या कडेने गावचा रेडिओ ऐकायची.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो. या घडीला लांबचा रेडिओ किती जण ऐकतायत त्याचा. संध्याकाळी तो बरा असायचा. दुपारी कधी चार, कधी तीन. कुणी त्याला 'फक्त चार' म्हटलं की चाचांना सोसत नसे. ते त्यांना पाहुणे म्हणायचे. "चार पाव्हणं दारात आलं तर चूल पेटवीत न्हाईस व्हय? म्हणतीस काय, धा झाल्यावर पेटवू?" सकाळी आल्या आल्या माझ्याकडे न बघताच विचारायचे, "पाव्हणं किती?" मी आकडा वाचून सांगायची. इंग्रजी मला येत नव्हतं, पण आकडे ओळखता येत होते. माझ्या त्या कामाची सुरुवात अशी झाली.

दुपारी जवळचा रेडिओ बंद असतो. तेव्हा लांबच्या रेडिओवर जुनी रेकॉर्डिंग लागायची. पण शुक्रवारी आमच्या गावचा बाजार भरतो, तो अगदी डेअरीच्या खिडकीखाली. एका शुक्रवारी चाचांनी माइकची वायर ओढून खिडकीतून बाहेर सोडली आणि बाजारच लावून दिला. ना निवेदन, ना गाणं. नुसता बाजार. कोथिंबीरवाल्याची आरोळी, बकऱ्यांची ओरड, एसटीचा हॉर्न, वजनाच्या काट्यावरून भांडण. मॅडम म्हणाल्या, "चाचा, हे कोण ऐकणार?" आणि कोपऱ्यातला आकडा चढायला लागला. संध्याकाळी बंगालातून एकाचा फोन आला. तो म्हणाला, "कोथिंबीरवाला तात्याच हाय नव्हं? अजून तसाच वराडतोय बघा."

त्या बाजाराने एकदा मोठा घोळ केला. आमच्या गल्लीतल्या हौसाक्का खिडकीखाली टोपली टेकून मैत्रिणीशी बोलत बसल्या होत्या. पोरगा पंजाबात गलाईला. आक्का म्हणाल्या, "गुडघा लय सुजलाय गं, रातचं डोळ्याला डोळा लागत न्हाई. पर पोराला सांगायचं न्हाई. त्यो तितनं काय करणार?" थोड्याच वेळात त्यांच्या कमरेचा फोन वाजला. पोरगा. "आई, गुडघा दाखीव आधी कुणाला तरी." आक्का हबकल्या. मग टोपली तिथेच टाकून जिना चढून वर आल्या.

"कुठल्या मुडद्यानं माझ्या पोराला चुगली केली? मी बोलून तोंड मिटतीया न मिटतीया तवर त्याचा फोन!"

चाचा उठून उभे राहिले. "आक्का, चुगली मीच केली. मला ठावं नव्हतं, पर केली मीच."

त्यांनी आक्कांना खुर्ची दिली, कानात वायर घालून खालचा बाजार ऐकवला. आक्का बराच वेळ ऐकत राहिल्या. मग वायर काढून म्हणाल्या, "म्हंजी त्यो रोज ऐकतोय व्हय?" चाचा म्हणाले, "शुक्रवारचा चुकवीत न्हाई." आक्का खाली गेल्या. पुढच्या शुक्रवारी गुडघ्याला पट्टा बांधून आल्या आणि खिडकीखाली मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "आता बरं हाय गं! लय बरं हाय!"

पण तोवर चाचांनी माइक खिडकीतून काढून वर पाण्याच्या टाकीजवळ बांधला होता. तिथून बाजार यायचा, पण कुणाचं बोलणं वेगळं ऐकू यायचं नाही. आम्ही हळहळलो. चाचा म्हणाले, "बाजार सगळ्यांचा हाय, तो ऐकावा. दुखणं ज्याचं त्याचं हाय." आक्कांना मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. त्या बिचाऱ्या दर शुक्रवारी वर बघून "बरं हाय" ओरडून जात राहिल्या.

मी लाजाळू. पुरुषमाणसांसमोर माझी मान वर होत नाही, मॅडमसमोरही शब्द अडकतो. चाचांसमोर तसं झालं नाही, कारण ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. कॉम्प्युटरकडे बघत बोलायचे. दुपारी मी मागे मोरीत कपबश्या घासायची, तेव्हा ते मधलं दार लावून घेत नसत. एकदा घरच्यांचा केरळातून फोन आला. ते म्हणाले, "रेकॉर्डिंग बंद पडलंवतं आन् मागं भांडी वाजत हुती. तूच घासतीस न्हवं? तू तांब्या जरा जोरात आपटतीस." लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांना जाऊन म्हटलं, आतला माइक उघडा राहिला होता, दार तरी लावत चला. ते म्हणाले, "माइक बंद करंन. दार कशाला लावू? लांबच्या माणसाला घर भांड्यानंच ऐकू येतं." आणि पुढे आठवड्यातून एखाद्या वेळी माइक उघडा राहायचाच. मीही तांब्या आपटायची सोडली नाही.

एके दिवशी ते म्हणाले, "पोरी, तू ऐकायला शीक."

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "ऐकायला कुठं इंग्रजी लागतंय?" पण माझ्याजवळ बटणाचा साधा फोन होता, त्यावर लांबचा रेडिओ लागत नाही. चाचा कराडला गेले तेव्हा माझ्यासाठी नवा फोन घेऊन आले. मी हात मागे घेतला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "उधार हाय, दान न्हाई. दान घेतलेल्या फोनवर माणूस भीत भीत ऐकतो. म्हैन्याला जमंल तसं दे, पर सगळं दे." मी घरच्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "घे. पर फेड तूच. तुझ्या कामाचा हाय."

मग माझं शिकणं सुरू झालं. कॉम्प्युटरवर एक हिरवी रेघ नाचते. आवाज चालू असला की नाचते, थांबला की आडवी पडते. मला वाटलं, रेघ बघितली की झालं. चाचा म्हणाले, "रेघंवर इस्वास ठेवू नगंस. ती खोटं बोलती. हितनं आवाज निघाला एवढंच तिला ठावं. पोचला का न्हाई ते तिला काय कळणार? ते कानालाच कळतं." कधी कधी रेघ नाचत असायची आणि लांब सगळं मुकं झालेलं असायचं. तेव्हा ते दोन बटणं दाबून सगळं बंद करायचे, परत लावायचे. ती बटणं त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा दाबून घेतली की मी पोळ्या लाटतानासुद्धा बोटं तशी हलवायची.

त्याच सुमारास मॅडमच्या संस्थेत बोलणी सुरू झाली की लांबचा रेडिओ बंद करावा. नेटच्या जागेचं भाडं दर वर्षी भरावं लागतं, आणि दुपारी ऐकणारे तीन-चार. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही तो चालायला हवा होता. पण त्या म्हणाल्या, "चाचा, तुम्ही आहात म्हणून हे चाललंय. तुम्हाला काही झालं तर सांभाळणार कोण? अर्धा वेळ मुका पडलेला रेडिओ कशाला चालवायचा?" संस्थेला मदत देणारे पाहुणे येऊन केंद्र बघणार होते, त्यानंतर ठरायचं होतं. चाचा नुसते "व्हय" म्हणाले. मला मात्र रात्रभर घरच्यांची केरळातली फळी दिसत राहिली. तिच्यावर मुका मोबाइल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूंच्या गप्पा चालल्या होत्या. मी चहा घेऊन चाचांच्या टेबलाशी गेले. बापूंनी काहीतरी गंमत सांगितली, सगळे हसले, चाचा नेहमीसारखे थांबले. आणि मला दिसलं की त्यांच्या कानातल्या वायरची पिन मोबाइलला लावलेलीच नाही. ती टेबलावर नुसती पडलेली. अर्धा मिनिट गेला. चाचा खो-खो हसले.

मी चहा ठेवला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. त्यांच्या कानात काहीच जात नव्हतं. ते लोकांची तोंडं बघत होते आणि अर्धा मिनिट मोजून हसत होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांना बोलणं मोठ्याने सांगावं लागतं, मध्येच "काय म्हणालीस?" विचारतात, हे सगळं आता मला आठवायला लागलं. आणि माझ्याकडून ती बटणं इतक्या वेळा का दाबून घेतली, तेही.

मी कुणाला बोलले नाही. त्यांना तर नाहीच. काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या फोनवर लांबचा रेडिओ लावून, पदराखाली वायर घेऊन काम करू लागले. आवाज नीट जात असेल तर चाचांच्या टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा पेला सरळ ठेवायची. मुका पडला तर येता-जाता तो उपडा घालायची. पहिल्यांदा पेला उपडा घातला तेव्हा त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग बटणं दाबली. माझ्या कानात आवाज आला, मी पेला सरळ केला. ते एवढंच म्हणाले, "पिन दिसली व्हय तुला?" मी मान हलवली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मदत देणारे पाहुणे आले ते नेमके शुक्रवारी. साहेबलोक, दोन बायका, सगळे बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर. चाचांनी बाजार लावला होता. मॅडम सांगत होत्या, हा आवाज आता पंजाबात ऐकू जातोय. हिरवी रेघ छान नाचत होती, पाहुणे रेघेकडे बघून माना डोलवत होते. आणि मोरीत माझ्या कानात बाजार बंद पडला. कोथिंबीरवाला अर्ध्या आरोळीत तुटला.

एवढ्या माणसांत जाऊन बोलायचं माझ्याने होणार नव्हतं. मी चहाचा ट्रे उचलला. सगळ्यांपुढे एकेक कप ठेवला आणि चाचांपुढे ट्रेमधला रिकामा पेला उपडा ठेवला. एक साहेब हसले. "अहो, यांना चहा नाही का?" मॅडमनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

"मला पित्त हाय सायेब," चाचा म्हणाले. "ही पोर मला अशी आठवण करून देती." आणि बोलता बोलता त्यांनी दोन बटणं दाबली. मी ट्रे घेऊन तशीच उभी. कानात खरखर झाली, मग बकरी ओरडली. मी पुढे होऊन पेला सरळ केला आणि घाईने निघाले.

"थांब," चाचा म्हणाले. मग मॅडमकडे वळले. "मॅडम, पाव्हण्यांच्या म्होरं खोटं नगं. माझा कान गेलाय. वरीस झालं. ह्यो रेडिओ आत्ता मुका पडलावता, तुमाला कुणाला कळलं न्हाई, मलाबी कळलं न्हाई. हिला कळलं. कालबी हिलाच कळलं. तुमी इचारलंत, तुमच्या माघारी कोण? म्या ठरवलंय. ही."

मी जमिनीकडे बघत होते. मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. पदराखालची वायर त्यांना दिसली. त्यांनी ती हळूच काढून स्वतःच्या कानाला लावली, खालचा बाजार ऐकला, मग खिडकीतून बाहेर बघितलं. खालच्या बाईने शिंगाडे म्हणून आरोळी दिली ती आम्ही ऐकली, आणि मॅडमना ती पुन्हा, उशिराने, कानात ऐकू आली. त्यांना हसू आलं. "बसशील या खुर्चीवर?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून होकार निघेना. मी टेबलावरचा पेला उचलला आणि पुन्हा सरळच ठेवला. चाचा म्हणाले, "व्हय म्हणतीया ती."

लांबचा रेडिओ बंद झाला नाही. चाचा थोडे दिवस शेजारी स्टूल टाकून बसले. मग कराडलाच राहणाऱ्या मुलाकडे गेले. नसीमने किती थांबवलं. ते म्हणाले, "हितं माझ्या कानापुढं रेडिओ हाय आन् मला ऐकू येत न्हाई. तितं रेडिओच न्हाई, म्हंजी ऐकू येत न्हाई त्याचं दुख न्हाई." एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "पाव्हणं किती?" मी चार बोटं दाखवली. त्यांनी समाधानाने मान हलवली, जणू चार नाही, चारशे माणसं असावीत.

फोनचे पैसे मी दर महिन्याला नसीमजवळ देत होते. एखाद्या महिन्यात दिले नाहीत तर नसीम काही बोलायची नाही, पण कराडहून निरोप यायचा, "पोरीला म्हणावं, तब्येत बरी हाय न्हवं?" तो तगादा नव्हता, पण मी लाजून पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते द्यायची. शेवटचा हप्ता मी पाठवला नाही. एक दिवस खुर्चीवर नसीमला बसवलं, बटणं तिलाही शिकवली होती, आणि एसटीने कराडला स्वतः गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने एवढा प्रवास केला.

मुलाचं घर नदीकडच्या बाजूला होतं. चाचा ओट्यावर बसलेले, बारीक झालेले. कानाचं मशीन त्यांना मुलाने आणून दिलं होतं, ते खिशात. मी खूण करून विचारलं, लावत का नाही? म्हणाले, "लय वराडतं. आन् जवळचंच ऐकवतं." मी पैसे काढायला पिशवीत हात घातला तर म्हणाले, "त्ये असू दे. आधी लाव."

मी फोनवर लांबचा रेडिओ लावला. त्यांनी आतून स्टीलचा पेला मागवला, फोन त्यात उभा ठेवला आणि पेल्याच्या काठाला बोटं लावून डोळे मिटले. संध्याकाळ होत आली होती, बापूंच्या गप्पा सुरू झाल्या. बापू घसा खाकरले तेव्हा चाचांची बोटं थरथरली, ती पेल्यामुळे की वयाने, मला सांगता येणार नाही. "बापू," ते म्हणाले. "सर्दी झालीया त्याला." खरंच झाली होती.

बापूंनी तीच मेव्हण्याची गोष्ट लावली. मेंढराचं तोंड आलं तशी मला हसू आवरेना, तोंडाला पदर लावायचंही राहून गेलं. चाचांनी डोळे उघडून माझं हसणं बघितलं. मग पुन्हा बोटं पेल्यावर ठेवून गप्प बसले. मी हसायची थांबले. बापू पुढे कुत्र्यावर आले. आणि तेव्हा चाचा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे हलवून. आता कशाला थांबायचं, लांब तर आम्ही दोघेही होतो, गोष्ट दोघांकडे एकदमच पोचली होती. पण ते थांबले, आणि आपल्या वेळेला हसले. हल्ली केंद्रात मीही अशीच हसते, आणि बापू मलाही तोच पोस्टाचा टोमणा मारतात.

निघताना मी नोटा त्यांच्या हातात दिल्या. ते घेणार नाहीत असं मुलाला वाटत होतं, त्याने मला खुणेने नको नको केलं. पण चाचांनी घेतल्या. अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट नीट मोजली, खिशात मशीनच्या खाली ठेवली आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"फिटलं गं पोरी. समदं फिटलं. फोन तुझा."